क्लायंटला बाँडचा पैसा हवाय का? धंतोलीतल्या आमच्या ऑफिसच्या सर्व्हेचा अनुभव

२०२४ च्या जूनमध्ये हातात घेतलेलं काम २०२५ च्या ऑक्टोबरात एकदाचं मार्गी लागलं, म्हणून लिहायला बसलेय. काम असं की आमच्या धंतोलीतल्या सीए ऑफिसकडे ज्या कंपन्या क्लायंट आहेत त्यांच्यापैकी कोणाला कॉर्पोरेट बाँड (म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजानं घेतलेल्या कर्जाचा कंपनीचा कागद) काढून पैसा उभा करायचाय, किती, कशासाठी, आणि ही मागणी वाढतेय की कमी होतेय, हे दर तीन महिन्यांनी विचारून त्याचा डेटा ठेवायचा. पुढे त्यातल्याच एका क्लायंटनं खरंच बाँड काढले, म्हणजे इश्यू झाला, आणि त्याची फाइलही माझ्याच टेबलवर आली. मी एमकॉम, इतकी वर्षं ऑडिट, टॅक्स आणि बँकेच्या सीएमए डेटात (कर्ज मागताना बँकेला द्यायच्या अंदाजी आकड्यांत) गेलेली, बाँड हा मुंबईच्या लोकांचा विषय समजून त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. शोधायला गेले तर मराठीत बाँडमध्ये पैसे गुंतवणाऱ्यांसाठी भरपूर सापडलं, बाँड काढणाऱ्या कंपनीच्या बाजूनं मला तरी जवळपास काही मिळालं नाही. नागपूर, अमरावती, अकोल्याकडे असं काम कोणाच्या अंगावर पडलं तर त्याला जरा धीर यावा, म्हणून जसं झालं तसं सांगते.

सुरुवात झाली मुंबईच्या एका अरेंजरच्या फोननं. अरेंजर म्हणजे कंपनी आणि गुंतवणूकदार यांची गाठ घालून देणारा माणूस. त्यानं सरांना विचारलं की विदर्भातल्या मध्यम कंपन्यांना बाँडमध्ये रस आहे का, तुमच्याकडे काही अंदाज आहे का. सरांनी मला बोलावून सांगितलं, "अंदाजानं नको बोलायला, आपण नीट विचारूनच घेऊ. तू बघ." एवढंच. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही हे खरं आहे, कारण क्लायंटला टीडीएसचे कागद मागणं वेगळं आणि त्याच्या पैशाच्या गरजेबद्दल खोदून विचारणं वेगळं.

पहिला अडथळा प्रश्न कसा विचारायचा हाच होता. "तुम्हाला बाँडमधून पैसा हवाय का" असं विचारलं तर नाही कोण म्हणणार, पैसा कोणाला नको असतो? मग दुसरीकडे असे सर्व्हे कसे करतात ते वाचायला घेतलं. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह २०१० पासून आणि युरोपची मध्यवर्ती बँक २०१३ पासून दर तिमाहीला मोठ्या बँकांच्या वरिष्ठ क्रेडिट अधिकाऱ्यांना विचारते की तुमच्या क्लायंटकडून पैशाची मागणी गेल्या तीन महिन्यांत कशी बदलली. युरोपच्या सर्व्हेत तर तारणाप्रमाणे वेगवेगळं विचारतात, सरकारी रोखे तारण ठेवून मागणी किती, चांगल्या रेटिंगचे (पैसे बुडायचा धोका कमी अशी श्रेणी मिळालेले) कॉर्पोरेट बाँड ठेवून किती, कमी रेटिंगचे, जास्त व्याजाचे बाँड ठेवून किती, शेअर ठेवून किती. त्यातही एकूण मागणी वेगळी आणि लांब मुदतीच्या पैशाची मागणी वेगळी.

इथे एक फरक समजून घ्या, नाहीतर पुढे सगळंच चुकतं. तिकडच्या सर्व्हेतला क्लायंट म्हणजे हेज फंड (मोठ्या गुंतवणूकदारांचे खाजगी फंड), विमा कंपनी, म्युच्युअल फंड वगैरे, ज्याच्याकडे बाँड आधीच आहेत आणि ते तारण ठेवून त्याला बँकेकडून पैसा घ्यायचाय. आमचा क्लायंट म्हणजे कारखानदार किंवा फायनान्स कंपनी, ज्याला नवा बाँड काढून पैसा आणायचाय. दोन्हीकडे शब्द तेच, क्लायंट, मागणी, कॉर्पोरेट बाँड, पण पैशाची दिशा वेगळी. बाँड तारण ठेवून पैसा घेण्याचा बाजार आपल्याकडे अजून लहान आहे, जुलै २०२३ मध्ये त्यासाठी वेगळी क्लिअरिंग कंपनी, म्हणजे दोघांमध्ये राहून व्यवहार पुरा करून देणारी कंपनी, सुरू झाली. त्यामुळे तिकडचे आकडे आणून नागपूरच्या क्लायंटला लावणं बरोबर नाही हे मी सरांना पहिल्याच नोटमध्ये लिहून दिलं. प्रश्नाची पद्धत मात्र उचलण्यासारखी होती, म्हणजे "हवाय का" विचारायचंच नाही, "तीन महिन्यांपूर्वीच्या तुलनेत" विचारायचं आणि उत्तराला पाच पर्याय द्यायचे, खूप वाढली, थोडी वाढली, होती तेवढीच, थोडी घटली, खूप घटली.

जुलै सगळा यादी करण्यात गेला आणि तिथेच अर्धी यादी गळाली. आपल्याकडचे बरेच धंदे पार्टनरशिप नाहीतर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहेत. गांधीबागेतले कापडवाले, इतवारीतले होलसेलर, कळमन्यातले आडते, टर्नओव्हर बघितला तर डोळे फिरतील पण डिबेंचर, म्हणजे कंपनीचा बाँडच, काढता येतो तो कंपनीलाच, पार्टनरशिपला नाही आणि एलएलपीलाही नाही. त्यांना "बाँडची मागणी आहे का" विचारणं म्हणजे त्यांचाही वेळ फुकट आणि डेटाही खराब. म्हणून फॉर्मचा पहिलाच प्रश्न "फर्मचं स्वरूप काय" असा ठेवला आणि प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड नसेल तर तिथेच आभार मानून थांबायचं ठरवलं. तुम्ही असा सर्व्हे कराल तर ही चाळणी आधी लावा. उरल्या त्यात बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर एमआयडीसीतल्या कंपन्या, भंडारा-गोंदियाकडच्या काही राईस मिल, वर्धा रोडवरचे दोन-तीन बिल्डर, रामदासपेठेतली हॉस्पिटलं, जिनिंगवाले, आणि दुचाकीला कर्ज देणाऱ्या छोट्या एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या.

दुसरी गोष्ट परवानगीची. सीए ऑफिसकडे क्लायंटची माहिती विश्वासानं असते, आणि क्लायंटच्या संमतीशिवाय ती बाहेर दिली तर सीए कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलप्रमाणे तो सरळ व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होतो. म्हणून प्रत्येकाकडून एका पानाचं संमतीपत्र घेतलं, त्यात स्पष्ट लिहिलं की तुमचं नाव, टर्नओव्हर, बँकेचं नाव कोणालाही दिलं जाणार नाही, फक्त एकत्रित आकडे जातील. वकिलाकडून ते पत्र तपासून घेतलं, त्याचे दीड हजार गेले आणि ते सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे होते असं मला वाटतं, कारण पत्र हातात ठेवल्यावर माणसं मोकळं बोलायला लागतात. बाकी खर्च प्रिंट, झेरॉक्स, पेट्रोल आणि कुरिअरचा. फॉर्म ऑनलाइन पण ठेवला होता, तो वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी, म्हणजे मालकांच्या मुलांनी भरला, मालकांनी नाही. मालकासमोर जाऊन बसावंच लागतं.

ऑगस्टमध्ये पहिली फेरी. यात एका राईस मिलच्या काकांची भेट सांगते, कारण फॉर्मची शेवटची मांडणी त्यांच्यामुळेच ठरली. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या प्रश्नावर "खूप वाढली" ला जोरात टिक केली. कारण विचारलं तर म्हणाले, "ते पंचेचाळीस दिवसांचं आलं ना मॅडम, आता माल घेतला का पैसे लगेच द्या, आपले तर कोणी वेळेवर देत नाही." हे तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) बद्दल. २०२३-२४ या वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही. बरं. पुढच्या पानावर प्रश्न होता, बाँडसाठी रेटिंग करून घ्यायला तयार आहात का. पेन थांबलं. रेटिंगवाला काय काय बघतो ते सांगितलं, हिशेब, मालकांचे इतर धंदे, बँकेचे हप्ते वेळेवर गेले का, प्लांटला भेट. मग विचारलं, "अन् याचे पैसे आपणच द्यायचे?" हो म्हटलं. त्याच्या पुढचा प्रश्न तारणाचा होता. त्यांची जमीन, मशिनरी, स्टॉक, सगळंच बँकेकडे आधीच गहाण. बँकेची एनओसी लागेल म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, पहिल्या पानावर परत गेले, आणि "खूप वाढली" च्या टिकवर काट मारून "होती तेवढीच" वर केली. म्हणाले, "पैसा पायजे हे खरं हाय, पण असा नाही पायजे."

हे उत्तर मला त्या सगळ्या फेरीतलं सगळ्यात कामाचं वाटलं. खेळत्या भांडवलाची टंचाई आणि बाँडची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फॉर्ममध्ये दोन्ही एकाच प्रश्नात विचारल्या की आकडा फुगतो. सरांशी बोलून आम्ही क्रम उलटा केला. आधी अटी समोर ठेवायच्या, रेटिंग लागेल, तारण म्हणून पहिला चार्ज, म्हणजे तारणावर पहिला हक्क, द्यावा लागेल, मुदत साधारण दोन-तीन वर्षं, खर्च एवढा, आणि मग विचारायचं की या अटींवर तुमची मागणी तीन महिन्यांपूर्वीपेक्षा वाढली का घटली. अर्थात क्रम बदलल्यावर ऑगस्टची उत्तरं आणि नंतरची उत्तरं एकाच रेघेत जोडता येत नाहीत, म्हणून ऑगस्टची शीट वेगळी ठेवली, वर लाल अक्षरात "चाचणी फेरी" लिहून. डेटा फेकू नका, पण मिसळू पण नका.

सप्टेंबरात काही होणार नव्हतंच, सीए ऑफिसात सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिट. त्या वर्षी तारीख ३० सप्टेंबरची ७ ऑक्टोबर झाली, कंपन्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबरची १५ नोव्हेंबर झाली, मध्ये दिवाळी, मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. दुसरी फेरी नोव्हेंबरच्या शेवटाला सुरू केली ती डिसेंबरात रेंगाळली, कारण अधिवेशन आलं आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, हॉटेलं भरलेली, अर्धे बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर तिकडेच. नागपुरात डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणाच्याही भेटीची वेळ घेऊ नका.

आता डेटाबद्दल, कारण इथे माणूस खरंच घाबरतो. उत्तरं आली, एक्सेलमध्ये टाकली, आता एक आकडा काढायचा. हा आकडा काढायच्या निदान तीन पद्धती मला सापडल्या आणि तिन्ही वेगळं उत्तर देतात. समजा १० कंपन्यांनी उत्तर दिलं. एक म्हणाली खूप वाढली, तीन म्हणाल्या थोडी वाढली, एक म्हणाली थोडी घटली, बाकी पाच म्हणाल्या होती तेवढीच. साधी वजाबाकी केली तर वाढली म्हणणारे ४० टक्के, घटली म्हणणारे १० टक्के, निव्वळ ३०. युरोपच्या त्या सर्व्हेत मात्र घटली मधून वाढली वजा करतात, त्यामुळे तीच उत्तरं तिथे उणे ३० दिसतील, म्हणजे उणे आकडा असेल तर मागणी वाढलेली आहे. खालची टीप न वाचता तक्ता बघणारा माणूस बरोबर उलटा निष्कर्ष काढेल. तिसरी पद्धत आपल्या रिझर्व्ह बँकेची. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला ३० मोठ्या बँकांना कर्जाच्या मागणीबद्दल विचारते, आणि त्यात खूप वाढलीला १, थोडी वाढलीला अर्धा, तेवढीच ला शून्य, थोडी घटलीला उणे अर्धा आणि खूप घटलीला उणे १ असं वजन देते. त्या हिशेबानं आपल्या दहा कंपन्यांचा आकडा येतो २०. उत्तरं तीच, आकडे ३०, उणे ३० आणि २०.

आम्ही रिझर्व्ह बँकेची पद्धत घेतली, कारण आमचे वाचणारे भारतातले आणि वर गेलं म्हणजे वाढलं हे सगळ्यांना पटतं. पण प्रत्येक तक्त्याखाली पद्धत लिहिली आणि शेवटच्या कॉलममध्ये उत्तरं किती आली तो आकडा प्रत्येक ओळीत ठेवलाच. याबाबतीत मी अरेंजरशी थोडी भांडले पण. त्याला त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये फक्त टक्के हवे होते. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या ओळीत चारच उत्तरं आहेत, तिथे एका डॉक्टरचं मत बदललं की २५ टक्के हलतात, हे न सांगता टक्के देणं म्हणजे समोरच्याची दिशाभूल आहे. सर माझ्या बाजूनं उभे राहिले आणि कॉलम राहिला. उत्तरांची संख्या दाखवत नसेल तर असा कोणताही तक्ता, कितीही मोठ्या संस्थेचा असो, मी आता बाजूला ठेवते.

अजून एक, नाव काढलं म्हणजे माहिती लपली असं होत नाही. आमच्या यादीत एका विशिष्ट धंद्यातली एकच कंपनी होती. ती ओळ वेगळी दाखवली असती तर नागपुरातल्या कोणीही पाच मिनिटांत सांगितलं असतं की ही कोण. म्हणून जिथे उत्तरं अगदी कमी तिथे दोन-तीन धंदे एकत्र करून "इतर उत्पादन" अशी ओळ केली. संमतीपत्रात दिलेला शब्द पाळायचा तर एवढं करावंच लागतं.

फेब्रुवारी २०२५ पासून डेटात खरी गंमत सुरू झाली. ७ फेब्रुवारीला रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसा देते तो) ६.५० वरून ६.२५ वर आला, ९ एप्रिलला ६ टक्के आणि ६ जूनला एकदम ५.५० टक्के. आमच्या मेच्या फेरीत कारखानदारांची बाँडची मागणी घटली आणि एनबीएफसींची घटली नाही. सर म्हणाले कारण शोध. कारण फॉर्ममधल्याच एका प्रश्नात होतं, सध्याचं कर्ज कशाला जोडलेलं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बँकेची फ्लोटिंग रेटची कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून आणि मध्यम उद्योगांची एप्रिल २०२० पासून बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत, आणि तीन महिन्यांतून निदान एकदा त्यांचा दर बदलावाच लागतो. म्हणजे रेपो उतरला की बुटीबोरीच्या कारखानदाराचा हप्ता आपोआप उतरतो, मग तो बाँडच्या खटाटोपात कशाला पडेल? एकानं तर फोनवरच विचारलं, "मॅडम, बँकेचा दर आपोआप कमी होऊन राहिला, तुमचा बाँड मले कितीनं पडते ते सांगा आधी." प्रश्न बरोबर होता. एनबीएफसींचं तसं नाही. त्यांची बँक-कर्जं बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरावर, ती सावकाश उतरतात. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनबीएफसींना दिलेल्या कर्जांवरचं रिस्क वेट वाढवलं होतं (म्हणजे अशा कर्जामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त ठेवावं लागे), ते १ एप्रिल २०२५ पासून मागे घेतलं. तो नियम थेट लागू होता चांगल्या रेटिंगच्या एनबीएफसींना, आमचे क्लायंट त्याखालचे, पण बँकांनी मधल्या काळात सगळ्यांनाच हात आखडता घेतला असं ते सांगत होते. "एकाच बँकेच्या तोंडाकडे किती बघायचं" हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांकडून ऐकलं. म्हणजे त्यांची मागणी स्वस्त पैशासाठी नव्हती, दुसरं दार उघडं असावं म्हणून होती. हे कारण टक्केवारीत कधीच दिसलं नसतं, म्हणून फॉर्मच्या शेवटी "का?" साठी तीन रिकाम्या ओळी ठेवा आणि त्या स्वतः बसून वाचा.

त्यातलीच एक दुचाकी कर्जाची कंपनी खरोखर पुढे आली. १५ कोटींचे सिक्युअर्ड (तारण असलेले), अनलिस्टेड (शेअर बाजारात न नोंदलेले) डिबेंचर, प्रायव्हेट प्लेसमेंटनं, म्हणजे ठराविक गुंतवणूकदारांनाच देऊन. पुढचं थोडं रुक्ष आहे पण मला हेच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रेटिंग आधीच सुरू करा, त्यांची माणसं ऑफिसला येऊन बसतात, वसुलीचे आकडे महिन्यागणिक मागतात, आणि त्यांनी मागितलेला एक कागद अडला की सगळंच थांबतं. आमचं रेटिंग यायला दोन महिने लागले. पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो भलत्याच गोष्टीनं. कंपनी कायद्याखालच्या नियम ९बी प्रमाणे लहान नसलेल्या प्रायव्हेट कंपन्यांनाही आता शेअर आणि डिबेंचर डिमॅटमध्येच काढावे लागतात, त्याची मुदत आधी ३० सप्टेंबर २०२४ होती, ती ३० जून २०२५ झाली. आणि नवा इश्यू काढण्याआधी प्रमोटर आणि डायरेक्टर यांचे सगळे शेअर डिमॅट झालेले हवेत. घरातल्या आजींच्या नावावर थोडे शेअर होते, त्यांचं पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, एकात वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यात नवऱ्याचं. पॅन दुरुस्ती, मग डिमॅट खातं, मग शेअर सर्टिफिकेट जमा करणं, यात मे आणि अर्धा जून गेला. आजी प्रत्येक वेळी सही करताना विचारायच्या, "अजून किती राहिल्या ग बाई?" ज्यांच्या कंपनीत घरच्या ज्येष्ठांच्या नावावर शेअर आहेत त्यांनी बाँडचा विचार असो-नसो, हे काम आजच करून टाका.

मग बोर्डाचा ठराव, सर्वसाधारण सभेचा विशेष ठराव, त्याचा एमजीटी-१४ (ठराव सरकारकडे नोंदवायचा फॉर्म). डिबेंचर ट्रस्टी, म्हणजे गुंतवणूकदारांच्या वतीनं तारण सांभाळणारा, ऑफर लेटर देण्याआधी नेमावा लागतो आणि त्याच्याशी करायचा करार, म्हणजे ट्रस्ट डीड, वाटपानंतर (डिबेंचर गुंतवणूकदारांच्या नावावर केल्यानंतर) ६० दिवसांच्या आत करावी लागते. ऑफर लेटर म्हणजे पीएएस-४, प्रत्येकावर नंबर आणि त्या-त्या गुंतवणूकदाराचं नाव. एनबीएफसी असल्यानं एका गुंतवणूकदाराची किमान रक्कम २० हजार. प्रायव्हेट प्लेसमेंटची जाहिरात कुठेही करता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही नाही, हे मालकांच्या मुलाला मी स्वतः बसवून समजावलं कारण त्यानं पोस्टर बनवायला टाकलं होतं. पैसे वेगळ्या बँक खात्यात येतात, ते ही गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून, रोख चालत नाही, आणि आल्यापासून ६० दिवसांत वाटप झालं पाहिजे.

वाटप जुलैत झालं. त्या दिवशी मालकांचा दुपारीच फोन, "ताई, पैसे आले, उद्यापासून वाटू का कर्जं?" नाही म्हणावं लागलं. पीएएस-३, म्हणजे वाटप झाल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म, भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. मुदत वाटपापासून १५ दिवसांची असते पण शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, आम्ही कागद आधीच तयार ठेवले होते, तरी एका डिजिटल सहीची मुदत संपलेली निघाली आणि नवी यायला दोन दिवस गेले. डायरेक्टर, कंपनी सेक्रेटरी, सीए, सगळ्यांच्या डिजिटल सह्यांच्या तारखा महिनाभर आधी तपासा. चार्ज नोंदवायला सीएचजी-९ हा फॉर्म, तो ३० दिवसांत.

खर्चाचं म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी ऐकून मालक हसले होते, डिबेंचर इश्यूवर ०.००५ टक्के, म्हणजे १५ कोटींवर साडेसात हजार रुपये. पण ट्रस्ट डीडची ड्युटी वेगळी, रेटिंगची फी पहिल्या वर्षी आणि मग दर वर्षी, ट्रस्टीची दर वर्षी, वकील, रजिस्ट्रार (गुंतवणूकदारांची नोंद ठेवणारा), आयसिन नंबर (डिमॅटमधला डिबेंचरचा ओळख क्रमांक), अरेंजरचं कमिशन. हे सगळं व्याजात मिळवून मगच बँकेच्या दराशी तुलना करा. रक्कम लहान असेल तर हा ठरलेला खर्च टक्क्यात फार मोठा दिसतो, त्यामुळे पाच कोटींसाठी विचारणाऱ्या दोन क्लायंटना आम्ही स्पष्ट नको म्हणून सांगितलं. अनलिस्टेड कंपनी एनबीएफसी नसेल तर थकीत डिबेंचरच्या १० टक्के रिडेम्प्शन रिझर्व्ह, म्हणजे परतफेडीसाठी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, पण ठेवावा लागतो, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसीला तो लागत नाही. कारखानदारांच्या फॉर्ममध्ये अटींच्या यादीत मी आता ही ओळ पण टाकली आहे.

ऑक्टोबरात पहिलं तिमाही व्याज गेलं. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९३ प्रमाणे त्यावर १० टक्के टीडीएस कापायचा होता, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा होता आणि २६क्यू या टीडीएसच्या तिमाही रिटर्नमध्ये दाखवायचा होता. कापताना गुंतवणूकदारांची यादी रेकॉर्ड डेटची (व्याज कोणाला द्यायचं ते ज्या दिवशीच्या नावांवरून ठरतं त्या तारखेची) घ्या, वाटपाच्या दिवशीची नको, कारण मध्ये एकानं त्याचे डिबेंचर दुसऱ्याला विकले होते आणि ते डिमॅटच्या यादीतच कळलं. कंपनीच्या अकाउंटंटला व्याज, टीडीएस, रेटिंगचा आढावा, ट्रस्टीला द्यायचा तिमाही अहवाल, सगळ्या तारखा एका शीटवर लिहून त्याच्या कॉम्प्युटरशेजारी चिकटवून दिल्या आहेत.

सर्व्हे आता ज्युनिअर मुलगी बघणार आहे. पुढची फेरी नोव्हेंबरात आहे, अधिवेशनाच्या आधी संपवायची असं तिला सांगून ठेवलंय. कोणाला फॉर्म किंवा संमतीपत्राचा नमुना हवा असेल तर मागा, क्लायंटची नावं काढलेली कोरी प्रत माझ्याकडे आहे.